सुरेश हे नाव सांगू नये

"मॅडम, चालून नाही राहिलं."

माझ्या पंचविसेक वर्षांच्या कामाचा सगळा सारांश या वाक्यात आहे. काय चालत नाही, कधीपासून, तुम्ही काय करायला गेला होतात, यातलं काही न सांगता सौंसर-पांढुर्ण्याकडचा माणूस एवढंच बोलतो आणि फोन कानाला लावून शांत बसतो. उरलेलं मला दिसत असणार, असा त्याचा विश्वास असतो. तो विश्वास मी कधीच सार्थ ठरवला नाही, आणि त्यानंही तो कधी सोडला नाही.

संपादकांनी दिवाळी अंकासाठी "आपल्या क्षेत्रातले प्रेरणादायी अनुभव" मागितले. माझ्याकडे तसलं काही नाही, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, मग जे आहे ते द्या. तेव्हा पुढचं सगळं त्यांच्या जबाबदारीवर वाचावं.

माझं काम काय होतं ते आधी सांगते. विकतचं सॉफ्टवेअर कुलूपबंद असतं. आत काय आहे ते कंपनीलाच ठाऊक. बिघडलं तर कंपनीचा माणूस येतो, निदान येतोय असं फोनवर सांगतात तरी. दुसरी एक जात आहे, तिला ओपन सोर्स म्हणतात. तिचं पोट सगळ्यांना उघडं असतं. जगभर विखुरलेली माणसं ते लिहितात, बरीचशी बिनपगारी, आपापल्या नोकऱ्या सांभाळून. कोणीही घ्यावं, वापरावं, बदलावं. ज्या शाळांना, दवाखान्यांना, वाचनालयांना विकतचं झेपत नाही त्यांच्याकडे मी ते बसवून द्यायचे आणि चालतं ठेवायचे. यात मालक नसतो, त्यामुळे ओरडायला कोणी सापडत नाही. बिघाड झाला तर इंटरनेटवर एक सार्वजनिक फलक असतो, तिथे तक्रार लिहायची. तिला नंबर मिळतो. मग कुठकुठली अनोळखी माणसं येऊन तुमची उलटतपासणी घेतात. बिघाडाला तिथे बग म्हणतात, आणि बग आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याला तो चावला त्याच्यावर असते.

तक्रार नीट लिहायची तर बिघाड डोळ्यांनी पाहावा लागतो. आमच्याकडे तो कधी पाहायला मिळत नसे. पाहुणे येणार म्हटलं की घर आवरतात, तसे लोक मी येणार म्हटलं की स्क्रीन आवरून ठेवत. तिगावच्या एका संत्रा व्यापाऱ्यानं तर मशीन बंद करून, ओल्या फडक्यानं पुसून, वर क्रोशाचं कापड घालून ठेवलं होतं. मी विचारलं, "काय आलं होतं स्क्रीनवर?" तो म्हणाला, "लालभडक काहीतरी आलं होतं जी. पण आता काहीच नाही, तुम्ही निवांत बसा, चहा घ्या." मोहगावचे एक मुख्याध्यापक त्याहून वरचे. ते म्हणाले, "इंग्रजीत लंबंचवडं काहीतरी लिहून आलं होतं. मी ओके करून टाकलं." काय लिहिलं होतं? "ते काऊन वाचू मी? ओके लिहिलं होतं ना खाली." हे गृहस्थ आठवीच्या पोरांना प्रश्न नीट वाचून उत्तर लिहायला शिकवत.

पण आपल्याच लोकांना नावं ठेवून भागत नाही. फलकावरचे विद्वान त्यांच्याहून दिव्य. त्यांची ठरावीक उत्तरं असतात. "आमच्याकडे चालतं." "तुमची आवृत्ती जुनी आहे." "हे आधी कोणीतरी विचारलंय, शोधा." सगळ्यात लाडकं उत्तर म्हणजे, "पण तुम्हाला असं करायचंच कशाला आहे?" आणि काहीच नाही जमलं तर, "सगळं उघडं आहे, तुम्हीच दुरुस्त करून पाठवा." म्हणजे भाजीत केस निघाला अशी तक्रार करणाऱ्याला स्वयंपाकघर दाखवायचं. पुण्याच्या एका गृहस्थांनी मला एकदा फार प्रेमानं विचारलं होतं की, मध्य प्रदेशात तुम्ही मराठी का वापरता? माझी आई, आजी, पणजी इथेच बोलत आल्या. त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं, एवढं नशीब.

आता मूळ गोष्टीवर येते.

पांढुर्ण्यात नदीपासून जवळ एक धर्मादाय दवाखाना होता. नागपूरची एक ट्रस्ट तो चालवायची. डॉक्टर गावंडे एकटेच पूर्ण वेळ. खिडकीवर नोंदणीला नामदेवभाऊ. तिथे मी रुग्णांच्या नोंदींचं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर बसवलं होतं. प्रत्येक रुग्णाचं एक पान. नाव, वय, गाव, आधीचे आजार, आणि एखादं औषध सोसत नसेल तर पानाच्या माथ्यावर लाल खूण. डॉक्टरांनी पान उघडलं की आधी ती लाल खूण डोळ्यांत भरायची.

आडनाव मात्र नसायचं. तो डॉक्टर गावंडेंचा नियम. आमच्याकडे आडनाव विचारलं की जात विचारल्यासारखं होतं. विचारणाऱ्याचा आवाज बदलतो आणि सांगणाऱ्याची मान खाली जाते. मी मेश्राम आहे, मला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो नियम मला आवडला होता, अजूनही आवडतो.

पांढुर्णा म्हटलं की बाहेरच्यांना एकच ठाऊक असतं, गोटमार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मधे पात्रात रोवलेलं पळसाचं झाड, आणि दिवसभर एकमेकांवर दगड. प्रशासन दरवर्षी समजावतं, लोक दरवर्षी ऐकून घेतात आणि दगड वेचायला जातात. जखमींसाठी सरकारी कॅम्प असतात, पण तिथे पोलीसही असतात. म्हणून पुष्कळजण आमच्या दवाखान्यात येत. तिथेही खरं नाव सांगायचं नाही, हा रिवाज. पोलिसांना कळू नये आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे घरी कळू नये. आता खोटं नाव सुचायला डोकं ठिकाणावर लागतं, आणि इथे तर तेच फुटलेलं. त्यामुळे रांगेतल्या पुढच्यानं सांगितलं ते मागचा सांगायचा.

नामदेवभाऊ विचारत, "नाव?"

"सुरेश."

"वय?"

"पंचवीस लिवा."

"गाव?"

"पांढुर्णा."

साठीचा म्हातारा त्या खिडकीशी पंचवीस वर्षांचा व्हायचा. सावरगावचा कट्टर गडी, ज्यानं सकाळपासून पांढुर्ण्याची डोकी फोडली, तोही पांढुर्ण्याचा व्हायचा. गावांचं ऐक्य पाहायचं असेल तर मला वाटतं ती एकच जागा होती.

सॉफ्टवेअरला मात्र या ऐक्यानं वेडं केलं. एकाच माणसाची दोन पानं तयार होऊ नयेत म्हणून त्यात सोय होती. नाव, वय, गाव जुळलं की पानं आपोआप एकत्र. ज्यानं ही सोय लिहिली त्यानं थंड देशात, चहाचा कप हातात घेऊन, माणूस आपलं नाव खरंच सांगतो असं गृहीत धरलं होतं. त्या संध्याकाळी दवाखान्यात एकच सुरेश उरला. त्याचं डोकं ठिकठिकाणी फुटलेलं, दोन्ही हात मोडलेले, एक डोळा आधी डावा सुजलेला आणि मग उजवा. डॉक्टरांनी मला फोन करून हसत हसत सांगितलं. मीही हसले.

पण सुरेश नावाचा एक खरा माणूस होता. संत्र्याच्या बागेत कामाला जायचा, पानावर वय पंचवीस, राहणारा पांढुर्ण्याचाच. गोटमारीच्या वाटेला कधी न जाणारा. जखम पिकू नये म्हणून जे इंजेक्शन देतात त्यातलं एक त्याला सोसत नव्हतं. एकदा ते दिल्यावर तोंड सुजून श्वास बंद व्हायची वेळ आली होती. त्याच्या पानावर लाल खूण होती. बाकीच्या सुरेशांना "काही सोसत नाही का?" विचारल्यावर ते "नाही" म्हणाले, आणि पानं एकत्र होताना शेवटचं उत्तर खरं धरलं गेलं. खूण पुसली गेली.

थोड्याच दिवसांनी बागेत कुदळ पायावर बसली म्हणून सुरेश बायकोला घेऊन आला. डॉक्टरांनी पान पाहिलं. लाल काही नाही. त्यांनी सुई भरली. बायको, रेखा, दारात उभी होती. तिनं बाटली पाहिली आणि सरळ डॉक्टरांचा हात धरला. म्हणाली, "हे नका देऊ यायले. मागच्या वेळी जीव जाता जाता वाचला."

त्या दिवशी डॉक्टर गावंडेंचा फोन आला तेव्हा ते हसत नव्हते. म्हणाले, "मॅडम, चालून राहिलं. पण माणूस मारायच्या बेतात होतं."

एवढी नेमकी तक्रार मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली होती.

मी फलकावर लिहिलं. माझं इंग्रजी शाळेतलं, पण साधं आणि स्पष्ट. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि त्यामुळे कोण मरता मरता वाचलं. उत्तर आलं, "कृपया खोट्या माहितीवरून तक्रारी करू नयेत. एकाच वयाचे, एकाच नावाचे, एकाच दुपारी डोकं फुटलेले इतके रुग्ण प्रत्यक्षात असू शकत नाहीत." तक्रार बंद.

मी ती पुन्हा उघडली आणि गोटमार समजावून सांगू लागले. तो संवाद मी जपून ठेवायला हवा होता. हे लोक दगड कोणाला मारतात? शेजाऱ्यांना. भांडण आहे का? नाही, सण आहे. मग पोलीस कशाला? सण आहे म्हणून. मग रुग्ण नाव का लपवतात? पोलीस आहेत म्हणून. यावर एकानं सुचवलं की हा तांत्रिक प्रश्न नसून सामाजिक आहे, तेव्हा दवाखान्यानं आधी समाजाशी बोलावं. पुण्याचे गृहस्थ इथेही हजर. त्यांनी विचारलं, आडनाव लिहिलं की प्रश्नच मिटतो, ते का लिहीत नाही? मी लिहिलं, "आपलं आडनाव आपल्याला कधी महागात पडलं नसावं." त्यावर मला सभ्य भाषा वापरण्याची ताकीद मिळाली.

मग सगळे गप्प. बरेच दिवस कोणी बोललं नाही म्हणून तिथल्या एका यंत्रानं तक्रार आपोआप बंद केली. माणसं दुर्लक्ष करायला कंटाळतात, म्हणून त्यांनी दुर्लक्ष करायचंही यंत्र बसवलंय. मी पुन्हा उघडली. यंत्रानं पुन्हा बंद केली. आमचं हे बराच काळ चाललं, आणि खरं सांगते, त्या फलकावर माझ्याशी नियमानं बोलणारं तेवढं एक यंत्रच होतं.

मी डॉक्टरांना म्हटलं, निदान पुढच्या गोटमारीला कॉम्प्युटर बंद ठेवा, कागदावर लिहा. ते म्हणाले, ट्रस्ट ऐकणार नाही. कॉम्प्युटरमधला त्याच दिवसाचा रुग्णांचा आकडा दाखवून नागपुरात देणग्या मिळतात. तेव्हा त्यांनी आपल्यापुरता उपाय काढला. एका कोऱ्या कागदावर ठळक अक्षरांत छापून नामदेवभाऊंच्या खिडकीवर लावलं: "सुरेश हे नाव सांगू नये." म्हणजे खोटं नाव सांगा, हरकत नाही, फक्त हे सोडून सांगा. अख्ख्या देशात इतकी प्रामाणिक सूचना कुठल्या खिडकीवर नसेल.

शेवटी फलकावर मदत आली ती भलतीकडूनच. दूरच्या कुठल्याशा गरीब देशातल्या बाळंतपणाच्या इस्पितळातली एक डॉक्टरीण. तिनं लिहिलं, "आमच्याकडे जन्मलेल्या प्रत्येकाचं नाव 'बाळ' असतं, वय शून्य असतं आणि गाव एकच असतं. या बाईंचं म्हणणं अक्षरशः खरं आहे." गोटमारीवर ज्यांचा विश्वास बसला नव्हता त्यांचा बाळांवर लगेच बसला. कामं भराभर झाली. आता पानं आपोआप एकत्र होणार नाहीत, आधी माणसाला विचारलं जाईल. मी आणखी एक मागणी लिहून केली की, लाल खूण एकदा लागली की दवाखान्यातल्या कोणालाही, कोणत्याही कारणानं, पुसता येऊ नये. ती मान्य झाली.

मला अभिमान वाटला, तो लपवण्यात अर्थ नाही. सौंसरच्या बाईनं लिहिलेली मागणी कुठल्या कुठल्या देशांतल्या इस्पितळांत चालू होती. पोळ्याच्या आधी पांढुर्ण्याला जाऊन मी नवी आवृत्ती बसवली. खोटे सुरेश भरून पाहिले. खऱ्याच्या पानावर डॉक्टरांनी खूण परत लावून ठेवली होती; ते पान जागचं हललं नाही, खूण लालच्या लाल. मी नामदेवभाऊंना म्हटलं, "तो कागद काढा आता. त्याची गरज नाही."

"राहू द्या ना मॅडम. लॅमिनेशन करून घेतलं हाय."

"भाऊ, सॉफ्टवेअर सुधरलंय."

"हाव ना. मंग असू द्या. डबल सेफ्टी."

मी बस पकडायच्या घाईत होते. डॉक्टरही म्हणाले, काढू सावकाश.

त्या वर्षी गोटमारीला सुरेश नदीवर गेला. दगड मारायला नाही, पाहायला. बागेतला त्याचा तिगावचा एक सोबती आला होता, त्याला दाखवायला. काठावर उभ्या असलेल्या सुरेशच्या कपाळावर दगड बसला आणि तो तिथेच कोसळला. चारजणांनी उचलून त्याला दवाखान्यात बाजूच्या दारानं आत नेलं. चेहरा रक्तानं माखलेला, शुद्ध अर्धवट. सोबती खिडकीशी गेला. त्या पोराला इथला रिवाज ठाऊक नव्हता. नामदेवभाऊंनी मान वर न करता विचारलं, "नाव?"

"सुरेश."

नामदेवभाऊंनी काचेवरच्या कागदावर बोट ठेवलं. "सुरेश नाही चालत. दुसरं सांग."

"पण त्याचं नावच सुरेश हाय जी."

"सगळ्यायचंच असते. मागं लाइन पाह्य केवढी हाय. दुसरं सांग लवकर."

पोरगा गांगरला. म्हणाला, "मंग रमेश लिवा."

रमेश, वय पंचवीस, गाव पांढुर्णा. नवं कोरं पान. वर लाल काही नाही.

थोड्याच वेळात रेखा धावत आली. कोणीतरी तिला सांगितलं होतं की सुरेशला लागलंय. तिनं खिडकीशी विचारलं. नामदेवभाऊ तिला चांगलं ओळखत होते. त्यांनी लगेच पाहिलं, आस्थेनं पाहिलं. सुरेशच्या पानावर आजची नोंद नव्हती. ते म्हणाले, "नाही वहिनी, आज सुरेश एकही नाही आला. सकाळपासून मीच बसून राहिलो ना इथं. सरकारी दवाखान्यात पाहा."

ती सरकारी दवाखान्याकडे पळाली.

आत डॉक्टर गावंडे एका पोराचं डोकं शिवत होते. इंजेक्शनच्या खोलीत नागपूरहून मदतीला आलेले एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी सुरेशला विचारलं, काही सोसत नाही का? तो नुसता कण्हला. त्यांनी रमेशचं पान पाहिलं आणि सुई दिली. पुढचा रुग्ण आत घेतला. मागे बाकावर काय होतंय ते कोणाच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टर गावंडे हातातलं टाकून धावले. त्यांनी जे जे करता येईल ते केलं. सुरेश गेला.

रेखा सरकारी दवाखाना, मग कॅम्प, मग नदीकाठ असं फिरत होती. तिला गाठून परत आणायला माणूस पाठवावा लागला.

मी दोन दिवसांनी पांढुर्ण्याला गेले. ट्रस्टनं विचारलं होतं की सॉफ्टवेअरमध्ये दोष होता का, लेखी कळवा. मी सगळं तपासलं. दोष नव्हता. जे जे सांगितलं गेलं ते त्यानं बिनचूक लिहून घेतलं होतं. खिडकीवरचा कागद तोवर कोणीतरी ओरबाडून काढला होता. नामदेवभाऊ कोपऱ्यात स्टुलावर बसून होते, माझ्याकडे पाहत नव्हते. या माणसांची मी आयुष्यभर टर उडवली, पण त्या दिवशी मला त्यांना एक शब्द बोलावासा वाटला नाही. फलकावर मात्र त्याच आठवड्यात कोणीतरी लिहिलं होतं की ही तक्रार सुटल्याला बरेच महिने झाले, पुन्हा काही अडचण आलेली दिसत नाही, सर्वांचे आभार. खाली हसरा चेहरा. त्या चेहऱ्याचा मला अजून संताप येतो.

मी काम आवरत होते तेव्हा रेखा आली. सासऱ्यासोबत कसलासा दाखला न्यायला. माझ्या खुर्चीमागे उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, यायचं पान दाखवता?"

मी काढून दाखवलं. सुरेश. वर लाल खूण.

"हे त्या दिवशी होतं?"

"होतं."

"असंच लाल होतं?"

"असंच."

तिनं त्या खुणेवर बोट ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण ती खूण कशाची ते माहीत होतं. मग म्हणाली, "आता पुसून टाका ते. आता कायले ठेवता?"

मी माउसवर हात ठेवला आणि तसाच ठेवून बसले. ती थांबली होती. ती खूण आता कोणालाही पुसता येत नाही, आणि तशी मागणी मीच केली होती.